हंसांच्या खाजणावर फटाके नकोत: आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीतले सर्व ताई-दादा,

सप्रेम नमस्कार.

विसर्जनानंतरच्या रविवारी आपली बैठक झाली. यंदाची दिवाळीही इथे दक्षिण स्कॉटलंडातल्या सॉल्वे खाडीच्या काठावर, गेल्या वर्षीच्याच जागी करायची असं तीत ठरलं. आधी फराळ, मग मुलांचे नाच, अंधार पडला की अर्धा तास आतषबाजी, आणि यंदा वरून चित्रीकरण करायला ड्रोन. मी हात वर केला होता. "वेळ कमी आहे, ग्रुपवर लिहा," असं मला सांगितलं गेलं. ग्रुपवर लिहिलं, तर तीन अंगठे आले आणि लगेच खाली जेवणाच्या वर्गणीचा हिशेब सुरू झाला. सचिवांना वेगळं पत्र धाडलं, त्याचं उत्तर आलं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. इतर मंडळांनीही हे वाचावं. मोकळी जागा आहे, शेजारी कुणी तक्रार करणार नाही, म्हणून समुद्रकाठी फटाके उडवणारं आपलं मंडळ एकटं नसणार.

मी कोण हे आपल्याला माहीत आहे, बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. माहेर निफाड तालुक्यातलं. सतरा वर्षं डम्फ्रीजजवळ राहते, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. मंडळाची वर्गणी एकदाही चुकवलेली नाही. लहानपणी हिवाळ्यात आमच्या हरभऱ्यात पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले पाहुणे हंस, उतरायचे. वडील करवादायचे, पण गोफण त्यांनी कधी उचलली नाही. "लांबून आलेत," एवढंच म्हणायचे. आमच्या घरापासून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावरचं नांदूरमध्यमेश्वर २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं, तेव्हा मी इथे स्वयंपाकघरात एकटीच नाचले होते. आणि ज्या काठावर आपण दिवाळी करायला निघालो आहोत, ती वरच्या सॉल्वेची चिखलपट्टी आणि खाजणं हेसुद्धा रामसर क्षेत्रच आहे. दोन्हीकडे मोठं कारण एकच, लांबून येणारे पक्षी.

इथे येतात ते बार्नॅकल हंस. मराठीत त्यांना नाव नाही, कारण आपल्याकडे ते येतच नाहीत. आपल्या मनातल्या हंसापेक्षा बरेच लहान, दीड-दोन किलोचे. तोंड दुधाळ पांढरं, मान आणि छाती काळीभोर, पाठीवर राखाडी-काळे पट्टे, पोट पांढरं. आवाज म्हणाल तर लहान कुत्र्यांचा मेळा लांबवर भुंकत असावा तसा. युरोपातल्या लोकांनी शेकडो वर्षं त्यांचं घरटं पाहिलंच नव्हतं. म्हणून वाहून आलेल्या ओंडक्यांना चिकटलेल्या शिंपल्यांसारख्या जिवांतून हे पक्षी निपजतात असा समज होता, आणि मग हे काही मांस नव्हे म्हणून उपासाच्या दिवसांत ते खाल्लेही जायचे. इंग्रजीत त्या जिवांनाही बार्नॅकलच म्हणतात.

त्यांचं खरं घरटं स्वालबार्डला. नॉर्वेच्याही पार उत्तरेला, आर्क्टिकमधल्या बेटांवर. आपल्या खाडीवर येणारा सगळा समुदाय तिथला. खडकाळ बेटांवर आणि कड्यांवर मादी चार-पाच अंडी घालते. कोल्हे टपलेले असतात, आणि समुद्रावरचं बर्फ घटल्यापासून हिमअस्वलंही बेटांवर येऊन अंडी खातात. त्यातून जी पिल्लं वाचतात ती दीड महिन्यात उडायला शिकतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात आईबापांच्या सोबतीने सुमारे तीन हजार किलोमीटर उडून इथे उतरतात. जोडी जन्माची असते. पिल्लं पहिला हिवाळा आईबापांना धरून असतात. सॉल्वेकाठच्या कार्लॅव्हरॉकच्या खाजणावर दुर्बीण लावून बसलं की ही कुटुंबं वेगळी ओळखू येतात. बाप मान उंच करून उभा, आई आणि पिल्लं मान खाली घालून चरत असतात.

एक गोष्ट मला कार्यकारिणीपुढे मुद्दाम ठेवायची आहे. ही पिल्लं जून-जुलैत जन्मतात तेव्हा स्वालबार्डला सूर्य मावळत नाही. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मावळत नाही. आयुष्याचा पहिला दीड महिना त्यांनी रात्र पाहिलेलीच नसते. दिवाळीला ती जेमतेम चार महिन्यांची असतात, अंधार त्यांना नवा असतो, जागाही नवी असते. त्यातच आपण त्यांच्या डोक्यावर रॉकेट सोडतो.

१९४०च्या दशकाच्या शेवटी या खाडीवर हे हंस तीनशेच्या आसपास उरले होते. तीनशे. मग १९५०च्या दशकात इथे आणि स्वालबार्डला त्यांची शिकार बंद झाली, १९५७ साली कार्लॅव्हरॉकचं राखीव क्षेत्र झालं, आणि सत्तर वर्षांत ते हळूहळू चाळीस हजारांवर गेले. त्यासाठी इथल्या शेतकऱ्यांनी काय सोसलं तेही आपण ऐकावं. हे पक्षी गुरांच्या तोंडचं गवत खातात. सरकारी योजनेतून त्याचा मोबदला मिळतो, पण त्याच्या बदल्यात ठरलेल्या शेतांवर हंसांना उठवायचं नाही, हुसकायचं नाही, असं बंधन असतं. ज्याचं गवत जातं तो बापडा गप्प बसतो, आणि वर्षातून एकदा येणारे आपण बार उडवतो.

मग २०२१-२२चा हिवाळा आला. बर्ड फ्लू, एच५एन१. त्या एका हिवाळ्यात स्वालबार्डच्या या समुदायातला जवळजवळ तिसरा हिस्सा गेला, तेरा हजारांच्या वर पक्षी. आकडा वाचून कळत नाही, म्हणून पाहिलेलं सांगते. नोव्हेंबरातली सकाळ होती, ओहोटी लागलेली. भरतीच्या रेषेवर शेवाळ आणि काटक्यांच्या जोडीला काळे-पांढरे ढीग पडले होते. एक हंस अजून जिवंत होता. मान मागे वळून पाठीवर पडायची, तो ती उचलायचा, पुन्हा पडायची. त्याच्यापासून हातभर अंतरावर त्याची जोडीदारीण उभी होती. ती चरत नव्हती, उडतही नव्हती. जवळ जायची बंदी होती आणि ती योग्यच होती. मी बांधावर उभी राहून पाहत राहिले, दुकान उघडायची वेळ झाली तेव्हा निघाले. संध्याकाळी परत गेले तर तो मेला होता आणि ती तिथेच होती.

असा समुदाय सावरत असताना गेल्या वर्षी आपण तिथे गेलो. 'आपण' म्हणते, कारण मीही होते. चकल्या मीच केल्या होत्या. ठिकाण ऐकल्यावर मी तेव्हाच बोलायला हवं होतं, आणि बोलले नाही.

त्या संध्याकाळी पहिलं रॉकेट फुटलं आणि पाण्याच्या बाजूने एक आवाज उठला. आधी मला भरती आली असं वाटलं. मग भुंकणं डोक्यावर आलं. दुसऱ्या रॉकेटच्या उजेडात पांढरी पोटं दिसली, शेकडो, एकमेकांना छेदून वाटेल त्या दिशेने जाणारी. मुलं टाळ्या पिटत होती. कुणीतरी ओरडलं, "अरे, शूट करा, शूट करा!" तो व्हिडिओ आपल्या पानावर अजून आहे. मी तो आवाज मोठा करून पाहिला आहे, आपणही एकदा पाहा. शेवटच्या बारानंतर गाणं थांबतं, तिथे पाच-सहा सेकंद फक्त तेच ऐकू येतं. नऊ वाजता टेबलं आवरून आपण निघालो तेव्हाही ते आत शेतांवर अंधारात घिरट्या घालत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर खाजण रिकामं होतं. आदल्या सकाळी तिथे दोनेक हजार तरी असतील. रस्त्याकडेला, विजेच्या तारांखाली, दोन मेलेले हंस पडले होते. एकाच्या पायात प्लास्टिकचं अक्षरांचं कडं होतं. हात न लावता फोनवर फोटो मोठा करून अक्षरं वाचली आणि नोंद कळवली. दोन आठवड्यांनी उत्तर आलं. मादी होती. २०१४ साली इथेच तिला कडं घातलं होतं. दोन वेळा वसंतात नॉर्वेच्या हेल्गेलँड किनाऱ्यावर, परतीच्या मुक्कामी, दिसली होती. बर्ड फ्लूच्या हिवाळ्यानंतरही तिची नोंद होती. म्हणजे त्यातूनही ती वाचली होती. आपल्या फटाक्यांमुळेच ती तारांवर आदळली हे मी सिद्ध करू शकत नाही आणि तसा आरोपही करत नाही. पण हंस रात्री चिखलपट्टीवर झोपतात, तारांमधून उडत नाहीत. त्या रात्री ते का उडत होते हे आपल्याला ठाऊक आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली. हे नुकसान म्हणजे कुणा हळव्या बाईची कल्पना नव्हे. २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उत्तर युरोपात हिवाळ्याला असलेल्या आर्क्टिकच्या चार जातींच्या ३४७ हंसांवर जीपीएस यंत्रं लावून आठ वर्षांच्या नववर्षरात्री तपासल्या होत्या. बार्नॅकल हंस त्या चारांत आहेत. फटाक्यांच्या रात्री ते झोपेची जागा सोडून नेहमीपेक्षा सरासरी ५ ते १६ किलोमीटर जास्त उडाले, ४० ते १५० मीटर जास्त उंचावरून उडाले, आणि दोन तास कमी विसावले. काही तर एका रात्रीत पाचशे किलोमीटरपर्यंत गेले. एवढं ते फक्त स्थलांतरात उडतात. आणि गोष्ट एका रात्रीवर मिटली नाही. पुढचे दिवस ते माणसांपासून दूरच्या जागी राहिले आणि झालेली झीज भरून काढायला दहा टक्के जास्त वेळ चरत राहिले. बैठकीत म्हटलं गेलं, "उडतात, परत बसतात, पक्षीच ते." त्याला हे उत्तर आहे.

चरण्याचा हिशेबही इथे सांगून टाकते. गवतात कस कमी असतो, म्हणून त्यांना जवळपास सगळा दिवस चरावं लागतं. डिसेंबरात इथे उजेड जेमतेम सात तास. त्यात वाया गेलेला दिवस पुढे कुठून भरून काढणार? वसंतात मादीच्या अंगावर साठा नसेल तर स्वालबार्डला अंडी कमी, किंवा नाहीतच.

दुसरी तक्रार ड्रोनची. दिवाळीचं चित्रीकरण ही सबब झाली. उन्हाळ्यानंतर आपल्यापैकी दोघांनी त्याच जागी "सराव" केला, तेव्हा तिथे फक्त बगळे आणि कुरव होते, तेही उठून गेले. वरून येणारी वस्तू म्हणजे हंसाला गरुड. तो मान वर करतो, चरणं थांबवतो आणि सगळा थवा उचलला जातो. ड्रोन उडवणाऱ्याला वर पडद्यावर सुंदर दिसतं, खाली काय झालं ते दिसत नाही.

तिसरी. कचरा. रॉकेटच्या काड्या आणि प्लास्टिकची टोपणं आपण "सगळी उचलली" असं अहवालात लिहिलं गेलं. भरती आलेली असताना पाण्यात पडलेलं कोण उचलणार होतं? जानेवारीपर्यंत मला ती सापडत होती. पिशवीभर आहेत, बैठकीला आणते.

चौथी माझ्या लेखी सगळ्यात मोठी. आपण कुणालाच विचारलं नाही. राखीव क्षेत्राची माणसं पलीकडेच आहेत, दार उघडं असतं, चहा पाजतात. एक फोन केला असता तर त्यांनी जागा कुठली चालेल, कुठली नाही हे सांगितलं असतं. दुसऱ्याच्या गावात कार्यक्रम करताना गावच्या माणसाला विचारायचं, ही आपल्याकडचीच रीत आहे.

यावर जे बोललं जाणार आहे ते मी ऐकून आहे. "कायद्याने परवानगी आहे." हो, आहे. स्कॉटलंडमध्ये एरवी रात्री अकरानंतर फटाके बंद, पण दिवाळीला एकपर्यंत मुभा आहे. आपला सण इथल्या कायद्यात लिहिला गेला याचा मला अभिमान आहे. पण मुभा वेळेची आहे, हंसांच्या झोपेच्या जागेची नाही. "यांचं ५ नोव्हेंबरला काय?" हेही येईल. त्या रात्री ब्रिटनभर शेकोट्या आणि फटाके असतात. त्यांच्या शेकोटी-फटाक्यांच्या संयोजकांनाही मी गेल्या वर्षी लिहिलं. त्यांचा कार्यक्रम गावातल्या मैदानात होतो, किनाऱ्यापासून बराच आत. तिथेही मी कमी आवाजाचे फटाके मागितले आहेत. आणि "तू दिवाळीच्या विरोधात आहेस" हे तर मला एका ताईंनी तोंडावर म्हटलं. ताई, माझ्या मुलीच्या पहिल्या दिवाळीला तुम्हीच अभ्यंगाचं तेल लावलंत. पहाटेचं उटणं, किल्ला, आकाशकंदील, बहिणीची ओवाळणी, शेजारच्या म्हाताऱ्या स्कॉटिश आजीला नेऊन दिलेली फराळाची ताटली, यातलं एकही मला सोडायचं नाही. मला फक्त ती जागा नको आहे.

माझ्या मागण्या सरळ आहेत.

१. यंदाची आतषबाजी किनाऱ्यावरून हलवा. गावातल्या एका सभागृहाची आणि मागच्या मैदानाची ती तारीख अजून मोकळी आहे, मी स्वतः विचारून आले. जास्तीच्या भाड्यातला निम्मा वाटा मी देते. तिथेही रॉकेट आणि मोठे बार नकोत, मुलांना भुईनळे, भुईचक्र, फुलबाज्या पुष्कळ झाल्या. कुणी सुचवलं की "आवाज नसलेली" रॉकेटं किनाऱ्यावरच उडवू. नको. अंधारात अचानक पडणारा उजेडही त्यांना उठवतो.

२. ड्रोन रद्द करा, आणि मंडळाच्या नावाने खाडीवर सराव करू देऊ नका.

३. मंडळाच्या नियमांत एक ओळ घाला: सप्टेंबरच्या शेवटापासून मे महिन्याच्या मध्यापर्यंत, म्हणजे हंस इथे असतात तोवर, खाजण आणि चिखलपट्टीच्या काठावर मंडळाचा आतषबाजीचा किंवा ध्वनिक्षेपकाचा कार्यक्रम होणार नाही. कार्यकारिणी बदलते, नियम राहतो.

४. गेल्या वर्षीचा तो व्हिडिओ पानावरून काढा. तो पाहून दुसरं मंडळ तीच जागा शोधत येईल.

५. या पत्राला घटस्थापनेच्या आत लेखी उत्तर द्या. हो असो, नाही असो, कारणासकट द्या.

नाही म्हणालात तर मी मंडळ सोडणार नाही. पण त्या संध्याकाळच्या फराळाला आणि आतषबाजीला माझी वर्गणी आणि माझे हात नसतील, आणि जागेची माहिती मी राखीव क्षेत्राच्या माणसांना आधी देईन. हे लपून करणार नाही, म्हणून इथेच सांगून ठेवते.

आणि एक आमंत्रण. कोजागरीपर्यंत बरेचसे हंस उतरलेले असतात. त्या संध्याकाळी सूर्य मावळताना ते शेतांवरून उठून झोपायला चिखलपट्टीवर येतात, रांगेमागून रांग, क्रिफेल डोंगराच्या समोरून. मी साडेपाचला बांधाअलीकडच्या वाहनतळावर असेन, मसाला दूध घेऊन. तिथून पंधरा मिनिटं चालायचं आहे. मुलांना नक्की आणा. गमबूट आणि गरम टोप्या घाला, चकाकते जाकीट नको, टॉर्च लावायचा नाही, आणि पहिली रांग दिसली की बोलायचं नाही. कार्यकारिणीतल्या सगळ्यांना वेगळं सांगते, आपण यावंच. किती जण येणार ते दोन दिवस आधी कळवा, म्हणजे दूध तेवढं आटवते.

कळावे, लोभ असावा.

आपल्या मंडळाची एक जुनी सभासद,
निफाडची, आता सॉल्वेकाठची